दोनशे बारा झाडं आणि एक हातोडी

टकटकबाई जंगलखात्यात एकतीस वर्षं नोकरी करत होती आणि तेवढ्या काळात तिने अकरा साहेब पाहिले. साहेब दर तीन वर्षांनी बदलतो. नवा आला की पहिले सहा महिने हे जंगल आपणच काल संध्याकाळी लावलं अशा थाटात फिरतो, पुढची दोन वर्षं बदलीची वाट पाहतो आणि जाताना आपल्या हातांनी लावलेल्या एखाद्या रोपाजवळ फोटो काढून घेतो. रोप बहुतेक वेळा पुढच्या हिवाळ्यात मरतं. बाई मात्र जिथल्या तिथं. तिच्या नाकावर माशी बसलेली त्या अकरांपैकी एकालाही दिसली नाही.

हे नाव तिला कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. झाडाजवळ गेली की ती हातोडीच्या दांड्याने खोडावर दोनदा वाजवायची, कान लावायची, दोन पावलं सरकून पुन्हा वाजवायची. असा झाडाला पुरता वळसा. सवय इतकी अंगात मुरलेली की कचेरीत साहेबांच्या दारावरही ती दोनदा वाजवून क्षणभर कान लावायची. "आत पोकळ आहे का बघतायत," असं कारकून हळूच म्हणायचा. त्यावर साहेब सोडून सगळे हसायचे.

तिचं काम ठसा मारण्याचं. खात्याची एक हातोडी असते. एका तोंडाला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या तोंडावर उलटा कोरलेला नंबर. झाड तोडायचं ठरलं की पात्याने साल तासायची आणि उघड्या लाकडावर नंबर ठोकायचा. एक ठसा छातीच्या उंचीला, दुसरा जमिनीलगत मुळाशी. वरचा ठसा ओंडक्याबरोबर गाडीत जातो, खालचा खुंटावर राहतो, म्हणजे पुढे कधीही कुणीही येऊन ताडून पाहू शकतो. दोन्ही ठसे नसतील तर तो माल चोरीचा. आणि हातोडी ज्याच्या सहीवर दिलेली असते त्यानेच ती उचलायची. साहेबानेसुद्धा नाही. तळ्यावरच्या पट्ट्याची हातोडी तिच्या नावावर होती. त्याआधी ती तिच्या वडिलांच्या नावावर होती.

कान लावण्याचं कारण मात्र नियमात नव्हतं. ते बदकांचं होतं. त्या तळ्यातली बदकं पाण्याकाठी अंडी घालत नाहीत, वर उतारावरच्या जुन्या झाडांच्या ढोलीत घालतात. पिल्लं एक दिवसाची झाली की आई खाली उभी राहून बोलावते आणि ती मुठीएवढी पोरं चाळीस चाळीस फुटांवरून खुशाल उड्या टाकतात. पाचोळ्यावर आपटतात, उठतात आणि रांगेने तळ्याकडे चालू लागतात. नवीन माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याकडे संशयाने बघतो. ढोली नसतील तर बदकं नाहीत, घुबडं नाहीत, उडत्या खारी नाहीत. आणि त्या झाडांची मुळं नसतील तर दोन पावसाळ्यांत अर्धा उतार तळ्यात उतरेल आणि तळ्याचं डबकं होईल. कागदावर या झाडांना 'निरुपयोगी' म्हणतात. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला एक रात्र ढोलीत ठेवायला हवा होता, असं बाईचं स्पष्ट मत होतं.

अकरावा साहेब तरुण, काटक, सुट्टीत शिखरं चढणारा. आल्या आल्या त्याने हाती घेतलं ते उताराच्या माथ्यावरचं नवं विश्रामगृह. गच्ची मोठी झकास झाली. फक्त गच्चीतून तळं दिसेना, कारण मध्ये जुनी झाडं. मग एका दुपारी बाईच्या पुढ्यात यादी आली. धोकादायक, वठलेली, निरुपयोगी झाडं, एकूण दोनशे बारा. ठसे मारून पानं फुटायच्या आत पट्टा मोकळा करावा.

बाईने यादी उभ्या उभ्या वाचली. खुर्ची समोर होती, पण बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही बसायचं नव्हतं.

"साहेब, ही मोजणी कधी केली?"

"भर हिवाळ्यात. मी स्वतः केली. का?"

"कुठून केली?"

"रस्त्यावरून. जीपमधून, दुर्बिणीने."

उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. जीपमधून झाडं मोजणं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"हिवाळ्यात इथं मीसुद्धा वठलेलीच दिसते, साहेब. झाड मेलंय का ते साल नखाने खरवडल्याशिवाय कळत नाही. खाली हिरवं निघालं तर जिवंत. एकेक झाड बघते. मेलेलं असेल आणि ढोलीत कुणी राहत नसेल, त्याच्यावर आनंदाने ठसा मारते."

"त्याला किती दिवस लागतील?"

"पानं फुटेपर्यंत लागतील."

"पानं फुटायच्या आत काम संपवायचंय, बाई."

"हो ना. पानं फुटली की कोण जिवंत आहे ते आंधळ्यालाही दिसेल. घाई त्याचीच आहे."

कारकुनाने डोकं फायलीत घातलं. साहेबाचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. तो चढणारा गडी होता, दम राखून होता. "तुम्हाला मारायचा नसेल ठसा तर हातोडी जमा करा. मी माझ्या नावावर करून घेतो आणि मीच मारतो."

"करा की. फक्त नियमाने करा."

हा नियम तिला वडिलांनी पाठ करून घेतला होता. हातोडीचा ताबा टेबलावर देता येत नाही, जंगलात चालत द्यावा लागतो. देणारा आणि घेणारा, दोघांनी मिळून त्या पट्ट्यातला प्रत्येक खुंट पाहायचा, मुळाशी असलेला ठसा नोंदवहीशी ताडायचा, मगच सही. घेणाऱ्याला दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. तिच्या पट्ट्यात खुंट होते चारशे सदतीस, आणि उतारावर अजून गुडघाभर बर्फ होतं.

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा ती मोठी खुशीत होती. नवरा शिंपी. खात्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी त्याचं शिलाई यंत्र होतं. सबंध खात्याच्या विजारी तो आखूड-लांब करत असे, आणि कुणाचं पोट सुटतंय नि कुणाचं उतरतंय हे त्याला डॉक्टरच्या आधी कळत असे.

"तीन दिवसांत दमेल बघा तो," ती म्हणाली. "मग पुढचे खुंट रखडतील आणि तोवर पानं फुटतील."

नवऱ्याने दाताने दोरा तोडला. "अगं, त्याची कंबर अठ्ठावीस आहे. असली माणसं दमत नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "आणि नाल्यापलीकडचा खुंट?"

उठून तिने पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं आणि ते उकळून उकळून अर्धं झालं तरी तिथंच उभी राहिली.

नाल्यापलीकडच्या खुंटाची गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती: तिला, तिच्या नवऱ्याला आणि एका लाकूडतोड्याला, जो आता हयात नव्हता. बावीस वर्षांपूर्वीची. हिवाळ्यातला दिवस, उन्हं उतरलेली, यादीतलं शेवटचं झाड नाल्याच्या पलीकडे. ती बर्फातून पलीकडे गेली तर झाडावर केव्हातरी वीज पडलेली. एका अंगाची साल आयतीच निघालेली, लाकूड उघडं, करडं पडलेलं. एरवी साल तासताना खालचा हिरवा रंग दिसतोच, झाड स्वतः सांगतं. इथं तासायची गरजच पडली नाही. थकलेल्या माणसाला आयतं मिळालं की तो दुसरी बाजू बघत नाही. तिने उघड्या अंगावर वर एक, खाली एक ठसा मारला, 'वठलेलं' असं लिहिलं आणि घर गाठलं. वळसा घातला नाही की कान लावला नाही. तेव्हा तिला ती सवयच नव्हती.

वसंतात ते झाड पाडलं. लाकूडतोड्याने तिला हाक मारून बोलावलं. खुंटाच्या एका अर्ध्या भागातून जिवंत झाडाचं पाणी पाझरत होतं आणि फुटलेल्या ढोलीत पिसांच्या गादीवर अकरा अंडी होती. सात फुटलेली. उरलेली चार तिने स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणली, चुलीजवळ ठेवली, नवऱ्याने त्यांच्यासाठी कापसाची पिशवी शिवली. त्यातून काही निघालं नाही. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला आणि झाडाला कान लावला. पण चूक कुणाला सांगितली नाही.

न सांगण्याचं कारण कचेरीच्या व्हरांड्यात टांगलेलं होतं. तिथं एक लाकडी पाटी आहे: निष्कलंक सेवा. ज्यांच्या सबंध नोकरीत एकही ठपका नाही अशांची नावं तिच्यावर कोरतात. साठ वर्षांत पाच नावं झाली, आणि पाचवं तिच्या वडिलांचं. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा तिने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "तुमच्या खाली माझं येईल." ते हसले होते. आता निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि सहाव्या नावासाठी पाटीवर जागा मोकळी होती. तिला त्या पाटीचा लोभ होता. उगाच कशाला लपवा, फार लोभ होता.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चालू लागले. पहिल्या दिवशी एकतीस खुंट झाले. बर्फ उकरायचं, ब्रशने माती झाडायची, नंबर वाचायचा, वहीत बघायचं, पुढचा खुंट. बाईने मुद्दाम अवघड वाटा धरल्या. साहेब मागून शीळ घालत यायचा. तिसऱ्या दिवशी दमली ती बाई. चौथ्या दिवशी पाऊस आणि बर्फ एकत्र पडलं. तिला वाटलं आज हा येत नाही, तर हा तिच्या आधी नाक्यावर हजर. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतलाय, हे तिला रोज संध्याकाळी गुडघ्याला शेक घेताना नव्याने समजत होतं. नवरा अठ्ठावीस, एवढंच पुटपुटायचा.

मधूनमधून ती साहेबाला यादीतली झाडं दाखवायची. "हे तुमचं एकशे चार नंबरचं." नखाने खरवडायची, हिरवं. "हे एकशे दहा." हिरवं. एकाच्या ढोलीतून घुबडाने डोकं बाहेर काढून दोघांकडे असं पाहिलं की साहेब नकळत "सॉरी" म्हणाला. पण यादी त्याने खिशात घडी घालून ठेवली होती ती तशीच राहिली. वरून दबाव असावा, किंवा गच्चीच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली असावी. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

तेराव्या दिवशी ते नाला ओलांडून गेले.

खुंट तिथंच होता, पण आता तो नुसता खुंट राहिला नव्हता. करड्या अंगावर मुळाशी तिचा ठसा स्वच्छ वाचता येत होता. आणि दुसऱ्या अंगातून सात नवे फुटवे निघून चार पुरुष उंच गेले होते. सातांच्याही टोकाला तांबूस कळ्या. मेलेल्या झाडाच्या खुंटाला फुटवे येत नाहीत, हे खात्यात शिपायालाही कळतं. साहेबाने ठसा वाचला, वही वाचली. 'वठलेलं.' मग त्याने फुटव्यांकडे मान वर करून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"बाई," तो अगदी समजुतीने म्हणाला, "मला वाटतं आपण हा खुंट पाहिला नाही."

तिने एका फुटव्याची साल नखाने खरवडली.

"पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. तुमचंही यायला हवं, मनापासून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं झाकलेलं राहील. तुम्ही फक्त उद्यापासून ठसे मारायला घ्या. ताबा नको, चालणं नको. दोघांचंही काम होईल."

खरं सांगायचं तर त्या क्षणी ती हो म्हणण्याच्या अगदी जवळ होती. पाटी तिच्या डोळ्यांपुढे आली, बाबांचा हात आठवला. मग तिला राग आला. आधी साहेबाचा, मग स्वतःचा, आणि स्वतःचा आलेला राग जास्त टिकला. एका झाडाबद्दल गप्प राहिले म्हणून आता दोनशे बारांवर हातोडी मारायची? हे गप्प बसणं दरवर्षी असंच वाढत जाणार होतं.

"उद्या सांगते," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. यंत्र थांबलं.

"बाबांना काय वाटेल गं?" त्याने विचारलं.

"बाबा असते तर बावीस वर्षांपूर्वीच कान पिळला असता माझा. ते नव्हते म्हणून तर निभावलं."

तो हसला आणि डोळे पुसले. कोरा कागद त्यानेच काढून दिला.

सकाळी ती कचेरी उघडायच्या आधी दारात उभी होती. कारकुनाने अर्ज वाचला आणि चष्मा काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं की अमुक नंबरच्या जिवंत झाडाला मी वठलेलं म्हणून ठसा मारला, ढोलीत अंडी होती, चूक माझी, लपवलीही मीच. सबब नियमाप्रमाणे या पट्ट्यातली सगळी वठलेल्या झाडांची मोजणी रद्द धरावी आणि पानं फुटल्यावर झाडागणिक, पायी, नव्याने करावी. असा नियम होता. एका पट्ट्यात एक जिवंत झाड मेलेलं म्हणून नोंदलेलं उघड झालं, की त्या पट्ट्यातल्या कुठल्याच यादीवर विश्वास ठेवायचा नाही. साहेबाला तो माहीत होता, म्हणून तर त्याला खुंट दिसला नव्हता.

"बाई, आवक शिक्का मारला की हे मागे घेता येत नाही हो," कारकून कळवळून म्हणाला.

"म्हणून तर तुझ्याकडे आणलंय. मार."

"अजून साहेब आले नाहीत. विचार करा जरा."

"बावीस वर्षं केला. मार म्हणते ना!"

त्याने शिक्का मारला.

चौकशीला वरून तिघं आले. मध्ये बसलेल्या वयस्कर बाईंनी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? टकटकबाईने कारणांची यादी करून आणली होती, ती तिथल्या तिथं विसरली. "भीती वाटली," ती म्हणाली. "नाव जाईल याची. आता जातंय तर जाऊ दे. पण माझ्यावर ठपका ठेवणार असाल तर त्याच कागदावर त्या यादीचंही लिहा. माझी चूक एका झाडाची आणि थकून झालेली. ही दोनशे बारांची आहे आणि ठरवून केलेली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल आठवड्यात आला. मोजणी रद्द, नवी मोजणी पानं फुटल्यावर. आणि बाईवर ठपका, हातोडी जप्त, निवृत्तीपर्यंत जंगलात कामाला मनाई. उरलेले तीन महिने तिला कुठे ठेवायचं ते साहेबावर सोपवलं होतं. साहेबाने तिला नाक्यावरच्या फाटकावर बसवलं. एक टपरीएवढी खोली, एक स्टूल, एक फोन, आणि रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा. गाडी आली की कागद बघायचा, दांडा वर. जिने एकतीस वर्षं डोंगर पायाखाली घातला तिला बसवून ठेवायचं, ही शिक्षा खरोखर विचार करून निवडलेली होती. पहिल्या दिवशी ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी तिने खोली झाडली, दांड्याला तेल दिलं आणि फाटकाचे नियम असलेली पातळ पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली.

नव्या मोजणीला दहा दिवस राहिले होते. झाडांच्या टोकांना नुसती तांबूस झाक होती. सकाळी आठच्या सुमाराला ठेकेदाराचा ट्रक वळणावरून आला. मागे बारा माणसं, सहा यांत्रिक करवती, दोरखंड.

"कागद?" बाईने विचारलं.

"तोंडी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "चाळीसच झाडं पाडायचीत. धोकादायक. साहेबांनी सांगितलंय."

"तोंडी चालत नाही."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाईने स्टूल बाहेर आणलं, दांड्याच्या मागे मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली. खोलीतला फोन वाजत राहिला. तिने तो घेतला नाही. वीस मिनिटांनी साहेबाची जीप आली. साहेब उतरला आणि या वेळी त्याचा आवाज चढला.

"फाटक उघडा. हा माझा आदेश आहे."

"लेखी द्या, साहेब. नियम सात. करवतीची गाडी लेखी आदेशाशिवाय आत सोडायची नाही. सही करून द्या, लगेच उघडते. चाळीस झाडं, त्यांचे नंबर, ठसे कुणी मारले, सगळं लिहा."

साहेबाचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला. ट्रकमधली बारा माणसं खाली वाकून पाहू लागली. त्याने पेन काढलं नाही.

"तोंडी आदेश देतोय मी!"

"मग तोंडीच उत्तर घ्या. नाही."

"विसरलात का? तुम्हाला इथं शिक्षा म्हणून बसवलंय."

"हो ना," बाई म्हणाली आणि स्टूलवर नीट सावरून बसली. "मग शिक्षा नीट भोगू द्या की मला."

ट्रकमध्ये कुणीतरी हसलं. साहेब जीपमध्ये बसला आणि निघून गेला. ट्रकला तिथं वळायला जागा नव्हती. तो पहिल्या वळणापर्यंत उलटाच, हळूहळू मागे गेला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बाई स्टूलवरून उठली नाही.